कुलपातली इंजेक्शनं

पाचोऱ्याच्या दवाखान्यात तेव्हा एक नर्सबाई होत्या. प्रश्नही त्याच विचारायच्या आणि उत्तरही त्याच द्यायच्या. "बाळंतिणीला पालेभाजी देता? नाही देत. का? कुणीतरी नको म्हटलं म्हणून!" बायका त्यांना टरकून असत. मीही.

माझ्या बहिणीच्या बाळाच्या बेंबीतून तिसऱ्या दिवशी रक्त येऊ लागलं, ते थांबेना. तिची सासू बाळंतपण केलेल्या सुईणीवर उखडली, सगळं तिच्याच माथी मारत म्हणाली, "हाई बठ्ठं तिनीच करेल शे!"

नर्सबाई धावत आल्या. "तिचा काय दोष? काही नाही. बाळाच्या अंगात 'के' जीवनसत्त्व कमी आहे, म्हणून रक्त गोठत नाही."

त्याची इंजेक्शनं नुकतीच मुंबईहून आली होती. पण डॉक्टरांनी ती मामलेदारांच्या सुनेच्या बाळंतपणासाठी कुलपात ठेवली होती. नर्सबाई मागायला गेल्या, तर म्हणाले, "हात लावायचा नाही."

बाईंनी बत्त्याने कपाटाची काच फोडली आणि बाळाला इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं.

आठवड्याच्या आत त्यांना शिंदखेड्याला धाडलं, चोरीचा ठपका ठेवून. चोरीचा! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

बाईंना परत आणा, असा एक अर्ज लिहून घेऊन सुईण सह्यांसाठी घरोघर फिरली. ज्यांचा नातू वाचला, ते बहिणीचे सासरेच म्हणाले, "सरकारी माणसांशी वैर नको." मला लिहिता येत होतं, तरी मी सही न करता त्यांच्या मागेच उभी राहिले.

अर्ज गेला तेव्हा त्यावर एकट्या सुईणीचा अंगठा होता.