देणाऱ्या बहिणीचे पुढे काय झाले

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते. बाबांनी खाणीचा ट्रक चालवला, आई चौथीनंतर शाळेत गेली नाही. अशा घरात हे मिरवायचे नाही तर मग कुठे? प्राथमिक शाळा मराठीत, कॉलेज इंग्रजीत आणि घरात आमची कोंकणीत कालवलेली मराठी, असे माझे शिक्षण. साखळी गावातल्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी आळीत पेढे वाटले. पण माझ्या इंग्रजीचा घरातल्यांना खरा उपयोग झाला तो पगारापेक्षाही एका मालिकेमुळे.

मालिका परदेशी होती. एका मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर एकाचे काळीज, मूत्रपिंड, यकृत काढून दुसऱ्याला बसवतात, एवढीच तिची गोष्ट. केबलवर ती रविवारी दुपारी लागायची. आम्ही शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवून बसायचो आणि मी टीव्हीच्या बाजूच्या स्टुलावर बसून तिकडच्या माणसांचे बोलणे इकडच्या बोलीत सांगायचे. डॉक्टर लोक तोंडाला फडके बांधून फार भरभर बोलत. मी दमून जायचे. एखादे वाक्य सुटले तर आई लगेच म्हणे, "तो एवढा वेळ बोलला आणि तू एवढंसंच सांगतेस?"

बाबा सगळी मालिका वाहतुकीच्या नजरेने बघत. अवयव बर्फाच्या पेटीत घालून धावत नेतात हे त्यांना पटायचे, पण नेणाऱ्याच्या हातातली पेटी हलते यावरून ते दर आठवड्याला रागावत. हरमलची कोळीण बांगडे याहून नीट आणते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हेलिकॉप्टर गच्चीवर उतरले की ते म्हणायचे, "आमच्याकडे हे जमायचे नाही. आमच्याकडे पेटी येईल ती डिचोलीच्या बाजारात अडकेल."

आम्ही हसायचो. आई हसायची नाही. तिला ती मालिका करमणुकीसाठी नको होती.

माझा मामा, आईचा पाठचा भाऊ, पेडणे तालुक्यात राहायचा. मिरची आणि कलिंगडे लावायचा, उरलेला वेळ भजनात पेटी वाजवायचा. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा तो रक्त शुद्ध करून घ्यायला बसने जायचा आणि येताना बसच्या खिडकीला डोके टेकून झोपायचा. कंडक्टर त्याला त्याच्या स्टॉपवर हाक मारून उठवायचा. मामीचा रक्तगट जुळला नाही. मुले लहान होती. तपासण्या झाल्या आणि जुळली ती आई.

जुळली म्हणजे द्यायचे ठरले असे नव्हे. बेळगावच्या डॉक्टरांनी आईला आणि बाबांना समोर बसवून सगळे सांगितले होते, एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो हेही सांगितले होते. आईने मान हलवली आणि घरी आल्यावर मला म्हणाली की डॉक्टरांचे तोंड हे डॉक्टरांचे तोंड, ते आणखी काय सांगणार. त्यानंतर ती त्या मालिकेला चिकटली. तिला वाटे, तिथे सगळे उघडून दाखवतात.

दोन-तीन रविवार गेल्यावर तिने पहिली हरकत घेतली. ज्याला अवयव मिळतो तो शेवटी डोळे उघडतो, बायको रडते, डॉक्टर खिडकीतून बघून हसतो. पण देणारा जिवंत असला तरी तो सुरुवातीला एकदा दिसतो आणि मग नाहीसाच होतो. मी म्हटले, आई, गोष्ट आजाऱ्याची असते. ती म्हणाली, "गोष्ट दोघांची आसा. दाखयतात एकाची."

आणि मग तो भाग लागला. त्यात एक बहीण होती, वयाने आईएवढी. भावाशी तिचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, तरी ती त्याला मूत्रपिंड द्यायला येते. आई त्या दिवशी फणसाच्या बिया सोलायला घेऊन बसली होती, सोलणे थांबले. चाकांच्या दोन खाटा एकामागून एक आत गेल्या. बहिणीच्या खाटेमागे दार लागले आणि भाग संपला. पुढच्या रविवारी आईने जेवण लवकर आवरले. मी स्टुलावर बसले. टीव्हीवर पाककलेची स्पर्धा लागली.

आम्हाला वाटले वेळ बदलली. केबलवाल्याला विचारले, तो म्हणाला त्याला ठाऊक नाही. शेवटी मी शाळेतल्या संगणकावर शोधले. मालिका तिच्या देशातच फारसे कोणी बघत नव्हते म्हणून बंद केली होती. उरलेले भाग आमच्याकडे येणार नव्हते. हे मी घरी येऊन सांगितले. आईने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग जिणें दिलें तिचें काय जालें?"

मी म्हटले, ती खोटी बाई आहे, नटी. तिचे काहीच झालेले नाही, ती आपल्या घरी असेल.

"नटी घरी आसा तें माकाय कळटा," आई म्हणाली. "बहिणीचें विचारतां हांव."

असा प्रश्न पदवीला कधी आला नव्हता.

इकडे घरात कौल लावायची वेळ आली. आमच्या भागात मोठे काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही: देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात, पुजारी देवाला गाऱ्हाणे घालून प्रश्न सांगतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आता आईचे एक शरीर आणि देव दोन. लग्न झाले म्हणून ती आमच्या गावच्या देवाची, आणि जन्मली म्हणून माहेरच्या देवाची. मामाच्या घरच्यांनी पेडण्याला जाऊन विचारले, बहिणीचे मूत्रपिंड भावाला लागेल ना? उजवी पडली. बाबांनी न सांगता आमच्या देवळात जाऊन विचारले, घरच्या सुनेच्या अंगाला सुरी लागू नये ना? तीही उजवीच पडली.

दोन्ही देव होय म्हणाले आणि दोन्ही घरांत भांडण पेटले. फोनवर बाबा मामीला म्हणाले की आमचा देव जागृत आहे. मामी म्हणाली, आमचा काय झोपला आहे? मामा मागून ओरडला की माझ्यासाठी देवादेवांत लावू नका, आणि फोन ठेवून दिला. बाबा वाईट नव्हते. ते घाबरले होते. खाणीच्या रस्त्यावर धुळीत समोरचा ट्रक दिसत नसताना गाडी चालवलेला माणूस, पण आईला शिंक आली तरी त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. हे त्यांना बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी देवाला पुढे केले होते.

तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "अशी एकतरी बाई शोध. खरी."

मी शोधली. शाळेतल्या एका बाईंचे माहेर धारगळचे. त्यांच्या ओळखीत एक होती, तिने नवऱ्याला मूत्रपिंड दिले होते. ती हमरस्त्याच्या कडेला माटव, म्हणजे मांडव, घालून कलिंगडे विकायची. एका शनिवारी आम्ही दोघी बसने गेलो. उन्हाळा होता, ट्रकांच्या वाऱ्याने माटवाच्या झावळ्या उडत होत्या. बाई पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळे. आम्ही कशाला आलोय हे कळल्यावर तिने आधी एक कलिंगड कापले आणि मग म्हणाली, विचार काय विचारायचे ते.

आईने आधी टाके दाखव म्हटले. दोघी माटवाच्या मागे गेल्या. परत आल्यावर आईचा चेहरा बऱ्यापैकी सैल झाला होता. मग तिने सगळे विचारले. दुखते का? बाई म्हणाली, सुरुवातीला खोकला-शिंक आली की सासूचे टोमणे आठवतात, मग विसरायला होते. ओझे? ती उत्तरादाखल एक मोठे कलिंगड उचलून गिऱ्हाईकाच्या डिकीत ठेवून आली. पाणी भरपूर पिते, दुखण्याची गोळी मनाने घेत नाही, वर्षातून एकदा तपासून येते. एवढेच.

"आणि नवरा?" आईने विचारले.

"तो गेलो," ती म्हणाली. "चार वर्सांनी. दुसरेंच दुखणें जालें."

मला वाटले, आता आई उठणार. मीच उठायच्या बेतात होते. आई बसून राहिली. तिने विचारले की मग वाईट नाही का वाटले, दिलेले फुकट गेले म्हणून.

बाईने सुरी पदराला पुसली. "फुकट खंय? चार वर्सां तो माझ्याकडेन झगडलो. आदी उठपाचीय ताकद नासली ताका. बरे झगडे जाले आमचे."

आई हसली. त्या बाईने आम्हाला कलिंगडाचे पैसे देऊ दिले नाहीत, वर बसला हात तिनेच केला.

घरी पोचल्यावर आई बाबांना म्हणाली की उद्या माझ्याबरोबर देवळात या. बाबांना वाटले, कौल परत लावायचा आहे. त्यांनी नारळ घेतला, फुले घेतली. पुजारीकाका गाभाऱ्यात पाकळ्या चिकटवायला लागले तेव्हा आई म्हणाली, "पाकळ्यो लावूं नकात. विचारपाक येवंक ना, सांगपाक आयल्यां."

पुजारीकाका थांबले. विचारणे असते, मागणे असते, नवस असतो. सांगणे हे त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हते. पण आई हात जोडून उभी होती, आणि तिला तिथून हलवणे जमेल असे दिसत नव्हते. शेवटी ते म्हणाले, बरे, काय सांगायचे आहे? आईने त्यांना हळू आवाजात सांगितले. त्यांनी नारळ हातात घेतला आणि रोजच्या सुरात गाऱ्हाणे सुरू केले.

गाऱ्हाण्याची आमच्याकडे एक रीत आहे. पुजारी एकेक वाक्य बोलतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे "होय महाराजा" म्हणायचे. कोणीच म्हटले नाही तर गाऱ्हाणे पुढे सरकत नाही. एरवी देवळात दहा-वीस माणसे असतात, आवाज कोणाचा ते कळत नाही. त्या सकाळी आम्ही तिघेच होतो. आई स्वतःचेच गाऱ्हाणे म्हणून गप्प, आणि मी, खरे सांगायचे तर, मुद्दाम गप्प.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेक आपल्या भावाक आपल्या कुडीतलें एक देता," पुजारीकाका म्हणाले आणि थांबले.

बाबा खांबाला धरून उभे होते. पुजारीकाकांनी त्यांच्याकडे बघितले. मीही बघितले. आईने बघितले नाही. ती देवाकडेच बघत होती. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू केली, ती गेली, तरी थांबणे संपेना.

"होय महाराजा," बाबा म्हणाले.

"तें तिका दुखनासतना जावं."

"होय महाराजा."

"ती परतून आपल्या घरा येवं, आपल्या पायांनी."

यावरचे होय मात्र बाबा इतक्या जोरात म्हणाले की पुजारीकाका दचकले.

नंतरचे सगळे मी थोडक्यात सांगते. बेळगावला शस्त्रक्रिया झाली. आईचे आधी आटोपले, मामाचे नंतर, आणि मामाला बसवलेले मूत्रपिंड खाटेवरच काम करू लागले. गावाहून माणसे यायची ती नारळपाणी घेऊन थेट मामाच्या खोलीत. मामी सगळ्यांना तीच कथा पहिल्यापासून सांगायची. देणारी दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिच्याकडे वळायला लोक विसरत. मी जिन्यात उभी राहून त्यांना आधी दुसऱ्या मजल्यावर पाठवू लागले. मास्तरणीचा आवाज कामी आला.

आईपाशी बाबा होते. ते खोलीतून हलत नव्हते. आईला हात वर करता येत नव्हता, म्हणून एका सकाळी तिने मला वेणी घालायला सांगितले. मी औषधे आणायला खाली गेले आणि वर आले तर बाबा तिच्या मागे बसून वेणी घालत होते. ट्रकची ताडपत्री बांधणारा हात तो. त्यांनी तीन पेड आवळून असे काही बांधले की आईच्या भुवया वर गेल्या. वेणी डाव्या कानामागे वळली होती.

"सोडू?" मी विचारले.

"रांव दे," आई म्हणाली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला चालायला सांगितले. बाबांच्या दंडाला धरून ती मामाच्या खोलीत गेली. मामा उशांना टेकून बसला होता, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग दिसत होता. तो तिला बघून काहीतरी मोठे बोलणार होता. त्याने पाठ करून ठेवले होते म्हणे. तेवढ्यात त्याला वेणी दिसली.

"आक्का, केस कोणें बांदले?"

"डायव्हरान," आई म्हणाली.

मामाला हसू आवरेना. मग आईला. दोघांनी आपापल्या टाक्यांवर हात दाबून धरला आणि एकमेकांना हसवू नको म्हणून दटावत राहिली, आणि बाबा मध्ये उभे राहून नर्सला हाक मारू की नको ते ठरवत राहिले.