दाढेतला बोळा

दुष्काळाच्या त्या सालांत आमचे हे पाण्याचा टँकर चालवायचे. शहरात, गारखेड्यात, आम्ही एका खोलीत राहायचो. चहूकडं नव्या इमारती उठत होत्या, ओल्या भिंतींवर बिल्डरची माणसं रोज पाणी मारायची, अन् हे टँकर घेऊन जायचे गंगापूरकडच्या कोरड्या गावांना. ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच बघा.

धुळवडीच्या सकाळी ह्यांची दाढ ठणकायला लागली. गाल हा एवढा सुजलेला. आमचं मूळ घर मेंढरंवाल्यांचं. मेंढरू गारठलं की पाजायला सासूबाई गावठी दारूची बाटली ठेवायच्या. शहरात आलो, मेंढरं सुटली, बाटली नाय सुटली. त्यांनी तिच्यात कापूस भिजवून ह्यांच्या दाढेत दाबला. ह्यांनी जन्मात थेंब चाखला नव्हता. पण दाढेत ठेवणं म्हणजे काय पिणं नव्हे, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत.

मला माहेरी जायचं होतं, म्हणून मीही केबिनमध्ये बसले. वाळूजच्या पुढं नाकाबंदी. सणाचे पिणारे पकडायला पोलीस एकेकाला नळीत फुंकायला लावत होते. हे निवांत फुंकले, अन् मशीन बोंबललं.

पिऊन सापडला तर चावी ठेवून घरी जायचं, असा टँकरच्या ठेकेदाराचा दमच होता. मी उतरून बोळ्याची गोष्ट सांगितली, तर पोलिसांतले जमादार हसले.

"मावशी, सकाळपासून एकानंही कबूल केलं नाही. दाढवाला मात्र पहिलाच."

पण माणूस बरा. ह्यांचा गाल बघितला, बोळा थुंकायला लावला. म्हणाले, चांगल्या चुळा भरा, जरा थांबा, मग परत फुंका. आमच्या पाण्याच्या बाटलीत तळाला घोटभर उरलेलं, ते एका चुळीत संपलं. हे तसेच उभे. जमादार म्हणाले, मागं एवढा टँकर भरलाय, तोटी सोडा की.

"ते गावचं हाय, साहेब."

"अहो, तुमच्या नोकरीवर आलंय."

"व्हय. पण तिथं बाया हंडे लावून बसल्यात."

जमादारांनी स्वतःची पाण्याची बाटली आणून ह्यांच्या हातात दिली, अन् आम्हाला लिंबाच्या सावलीला बसवलं. गाड्या तपासता तपासता मधूनच विचारायचे, लई दुखतंय का. बोळा गेल्यावर दाढ पेटलीच होती. परत फुंकताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मशीन गप राहिलं.

गावात पोचलो तर बाया उशिरावरून तुटून पडल्या. एक म्हणाली, धुळवड खेळून आलात जणू. ह्यांना तोंड उघडवेना. मी सांगायला लागले, पण तोवर ह्यांनी टँकरचा पाइप गावच्या कोरड्या विहिरीत सोडला होता. त्या धबधब्यात माझं कोण ऐकतंय?