लखोट्यातला लखोटा

डाव्या दंडावरचा चट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी जव्हारच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होतो. सुई टोचून पाहिली, काही म्हणजे काही कळलं नाही. महारोग असला तर? बहिणीचा साखरपुडा महिन्यावर आलेला. मुलाकडची माणसं मोखाड्याची. तिथवर बातमी जायला एसटीसुद्धा लागली नसती.

घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं, केबलवाल्याच्याच तारेवरून. दार लावून मी चट्ट्यांबद्दल वाचत बसायचो. एकदा भर बाजारात केबलवाला म्हणाला, "काय भाऊसाहेब, हल्ली डॉक्टरकीचा अभ्यास चाललाय वाटतं?" कोण कुठलं पान उघडतं ते मेल्याला दुकानात बसून दिसत होतं!

ठाण्याच्या मित्राला फोन केला. आपण काय वाचतो ते केबलवाल्याला दिसू नये, असं एका ओळखीच्याला हवंय, असं खोटंच सांगितलं. तो म्हणाला, व्हीपीएन टाक म्हणावं. त्यानं समजावल्यावर मला लगेच उमगलं, कारण गोपनीय अहवाल आम्ही तसेच धाडायचो. आतल्या लखोट्याला लाख, बाहेरच्यावर फक्त जिल्हा कचेरीचा पत्ता. नेणाऱ्याला तेवढाच दिसतो. आतला कुणाकडे जायचा ते पलीकडचा बघतो. "त्या पलीकडच्यावर मात्र भरवसा ठेवावा लागतो हं," मित्र म्हणाला. ठेवला. जव्हारबाहेरचा कोणीही चालला असता मला.

मग निवांत वाचलं. रोग बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी जायचा धीर होईना. तिथे रांगेत अर्धं गाव उभं.

तिसऱ्या दिवशी केबलवाला दारात हजर. बहीण घरात होती, म्हणून त्याला ओट्यावरच अडवून मी दबक्या आवाजात फणकारलो, "लोकांच्या घरात डोकावतोस, लाज नाही वाटत?"

त्यानं सदऱ्याची बाही वर केली. कोपराजवळ चट्टा होता, माझ्यासारखाच.

"काय नाव टाकून शोधायचं तेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही उघडायचात तेच मी मागून उघडायचो," तो म्हणाला. "तुमचं एकदम दिसायचंच बंद झालं. भाऊसाहेब, पुढे काय लिहिलं होतं? बरा होतो का?"

राग होताच, तो काही गेला नाही. पण सांगितलं सगळं. म्हटलं, सोमवारी दोघं जाऊ.

बाही खाली ओढत त्यानं आत एकदा पाहिलं.

"मी कुणाला बोललो नाही," तो म्हणाला. "तुम्हीही बोलू नका."