भट्टीतून लवकर काढलेला पाव

थोरल्यासारखा पाव भाजणारा माणूस दुसरा झाला नाही. खोटं कशाला सांगायचं? ज्यांनी खाल्लाय ते आजही सांगतील. वरून तांबूस, आत कापसासारखा, आणि बुडाला टिचकी मारली की टणटणीत आवाज. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण भट्टीपुढं उभा राहिला की भले भले शिकलेले त्याच्यासमोर पाणी भरतील.

आणि त्याचं नाक! भट्टीच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते धाकट्या भावानं लावलेलं. थोरल्यानं कधी त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही. पाव झाला की वास बदलतो, म्हणायचा. आधी ओल्या पिठाचा वास, मग गोडसर, मग एक क्षण असा येतो की बाहेर काढला नाही तर गेला. तो क्षण त्याला नाकानं कळायचा. रस्त्याच्या टोकाला कुणाचं दूध उतू गेलं तरी सांगायचा, "तिसऱ्या घरातलं." सगळे त्याला नाकवाले दादा म्हणायचे आणि त्याला ते पदवीसारखं वाटायचं.

मळायचं काम धाकट्याचं. मुका माणूस नव्हता, पण दिवसाला मोजून दहा वाक्यं. थोरला दोघांचं मिळून बोलून घ्यायचा. बापानं भट्टी दोघांच्या हातात दिली तेव्हापासून बावीस वर्षं एकानं मळलं, दुसऱ्यानं भाजलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय पाव आहे!" की थोरला म्हणायचा, "भाजलाय कुणी!" धाकटा मागं परात घासत हसायचा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पाव आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्याचा मोठा गोल पाव यांच्याच भट्टीतून जायचा. मंडळीत एक पद्धत होती. पाव जो आणेल त्यानंच त्या दिवशीचा बायबलचा उतारा वाचायचा. थोरला बोट ठेवून, अडखळत, पण छाती पुढं काढून वाचायचा. धाकटा द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं तबक घेऊन फिरायचा. चाळीस पेले, एकमेकांवर कधी वाजले नाहीत, इतका हात स्थिर.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका पहिल्या रविवारी पहाटे थोरल्याला सर्दी झाली होती. साधीसुधी नव्हे, नाक पार बंद. आता नाकवाल्याचं नाक बंद, हे कुणाला सांगणार? बायकोलाही सांगितलं नाही. तोंडानं श्वास घेत भट्टीपुढं उभा राहिला आणि अंदाजानं पाव काढायला फळी आत घातली.

धाकटा म्हणाला, "दादा, अजून बारा मिनिटं हवीत."

"तुझं घड्याळ तुझ्याजवळ ठेव."

"दादा, नाक चोंदलंय तुझं. आवाज बघ कसा येतोय."

"चोंदलंय तुझं डोकं! बावीस वर्षं कोण भाजतंय? तू का मी?"

पाव बाहेर आला. वरून देखणा, तांबूस. टिचकी मारायला धाकट्यानं हात पुढं केला तर थोरल्यानं फडक्यात गुंडाळलासुद्धा.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर पाव उचलला, प्रार्थना केली आणि मोडायला गेले. मोडेना. ताणला. आतून कच्ची कणीक लांबच लांब निघाली आणि त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिकटून बसली. ते बोटं सोडवायला गेले तर आणखी चिकटली. कुठूनतरी कुणीतरी खुदकन हसलं. सव्वाशे माणसं, आणि सगळ्यांच्या माना थोरल्याकडे.

थोरला उभा राहिला. काय बोलायचं ते ठरवून उठला नव्हता, नुसता उठला. तोंडातून आलं ते असं, "मळलं धाकट्यानं होतं. शिळं यीस्ट घातलं यानं. मी किती वेळा सांगितलं, ऐकत नाही."

सगळ्या माना फिरल्या. धाकटा तबक हातात घेऊन भिंतीशी उभा होता. त्यानं थोरल्याकडे बघितलं. रागानं नाही. माणूस आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघतो ना, तसं. मग तबक टेबलावर ठेवलं, एकही पेला वाजू दिला नाही, आणि बाजूच्या दारानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो भट्टीवर आला. मळायला सुरुवात करण्याआधी थोडा वेळ नुसता उभा राहिला. थोरल्याला कळलं की हा थांबलाय. काय ऐकायला थांबलाय तेही कळलं. थोरला म्हणाला, "आज मैदा जास्त घे, लग्नाची ऑर्डर आहे." धाकट्यानं त्या दिवसाचा सगळा मैदा मळला, हात धुतले, अंगावरचा एप्रन खिळ्याला अडकवला आणि गेला. पुन्हा आला नाही. भट्टीवरही नाही, चर्चमध्येही नाही. शहराच्या पलीकडच्या अंगाला बिस्किटांच्या कारखान्यात लागला, असं कळलं. तिथं सगळं यंत्र भाजतं.

थोरल्यानं मळायचं यंत्र आणलं आणि येईल त्याला सांगत सुटला, "एवढंसं बोललो तर रुसून बसला. आजकाल लहानांना बोलायची सोय नाही." लोक माना डोलवायचे. प्रभुभोजनाचा पाव तोच भाजत राहिला, तोच आणत राहिला, उतारा तोच वाचत राहिला, आणि पहिल्या रांगेत उभा राहून पावाचा तुकडाही घेत राहिला. सहा वर्षं. छाती जशीच्या तशी. पण घरी जेवताना त्याची बायको कधी धाकट्या दिराचं नाव काढायची तर हा ताटावरून उठायचा. पाप पचत नाही म्हणतात ते उगीच नाही.

उतारे एका छापील तक्त्याप्रमाणे यायचे. थोरला आधी वाचून जायचा नाही. वाचनाचा कंटाळा, आणि "मला काय पाठ करायची गरज" हा तोरा. तर यंदा एका पहिल्या रविवारी त्यानं पाव टेबलावर ठेवला, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि वाचू लागला. उतारा असा होता की, देवाला द्यायला तू काही घेऊन आलास आणि तिथंच तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर ते तिथंच ठेव, आधी भावाकडे जा, त्याच्याशी समेट कर, मग ये.

हा उतारा त्यानं ऐकला नव्हता असं थोडंच आहे? शंभरदा ऐकला असेल. पण ऐकणं वेगळं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून स्वतःच्या तोंडानं म्हणणं वेगळं. 'भावाकडे' या शब्दावर त्याचं बोट थांबलं. त्यानं ओळ पुन्हा वाचली. लोकांना वाटलं, चुकला. नव्या तरुण पाळकांनी हळूच सांगितलं, "दादा, पुढची ओळ."

"पुढची नाही वाचता येत," थोरला म्हणाला. मग पुस्तक मिटून म्हणाला, "पाळकसाहेब, थोडं थांबाल? मी जाऊन येतो."

"आत्ता? कुठं?"

"इथं लिहिलंय तिथं."

धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. थोरला पहिल्यांदाच तिथं चढत होता. दार भावजयीनं उघडलं. म्हणाली, "दादा? या. ते आत आहेत, नळ गळतोय तो बघतायत."

धाकटा मोरीत उकिडवा बसला होता, हातात पान्हा. केस पिकले होते. थोरल्याच्या मनात आलं, हे कधी पिकले?

"माझं नाक बंद होतं त्या दिवशी," थोरला उभ्या उभ्याच म्हणाला.

"माहीत आहे."

"तू बारा मिनिटं म्हणाला होतास."

"बारा."

"मग तिथंच का नाही बोललास चारचौघांत? एका वाक्यात मला खाली बसवला असतास!"

धाकट्यानं पान्हा खाली ठेवला. "तुझ्याजवळ दुसरं होतं काय दादा, त्या नाकाशिवाय? तेही काढून घेतलं असतं तर तू काय घेऊन घरी गेला असतास?"

थोरला खाली बसला, मोरीच्या उंबऱ्यावर, रविवारच्या कोटासकट. म्हणाला, "चुकलो रे. मला माफ कर. चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगतो. थांबलेत सगळे."

"माफ तर मी तुला पहिल्याच वर्षी केलं."

"मग चल की!"

"अडलंय ते तुझ्यामुळे नाही दादा. त्यांच्यामुळे." धाकटा फडक्यानं हात पुसत राहिला. "सव्वाशे माणसं होती. मला पाळण्यात बघितलेली. एकानं तरी येऊन विचारावं की नाही, बाबा रे, खरं काय झालं? चिठ्ठी आली फक्त. पेले वाटायला तूर्त दुसरा माणूस नेमलाय म्हणून."

भावजय दारात उभी होती. ती म्हणाली, "चार-पाच महिने रविवारी आंघोळ करून, मोजे घालून बसायचे हे. कुणी बोलवायला येईल म्हणून. मग एका रविवारी मोजे घातलेच नाहीत."

"गप गं," धाकटा म्हणाला.

"का गप? सहा वर्षं गपच आहे मी."

धाकटा थोरल्याकडे वळला. "आता मी घरीसुद्धा प्रार्थनेला बसत नाही. डोळे मिटले की पाळकाच्या बोटांना चिकटलेली ती कणीक दिसते. तू जा दादा. लोक खोळंबलेत."

थोरला एकटाच परत आला. लोक खरंच थांबले होते. पावावरचं फडकं तसंच. तो पुढं उभा राहिला आणि म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी पाव कच्चा होता तो माझ्यामुळे. मला वास येत नव्हता. धाकट्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. इथं उभा राहून मी खोटं बोललो. आणि तुम्ही सगळ्यांनी माझं खरं मानलं, कारण माझा आवाज मोठा आहे."

मग गायकगटातली मावशी, सत्तरीची बाई, बाकाला धरून उठली. "त्या दिवशी हसले ती मी," म्हणाली. "त्याच्या तोंडासमोर हसले आणि पुन्हा त्याचं तोंड बघायला गेले नाही."

त्या आठवड्यात माणसं दोघं-दोघं करून तो तिसरा मजला चढली. धाकट्यानं सगळ्यांना बसवलं, चहा दिला. मावशी रडायला लागली तर यानंच तिला पाणी आणून दिलं, वर म्हणाला, "मावशी, रडून गुडघे दुखायचे थांबतात का? जिने जपून उतरा." सगळ्यांशी नीट बोलला. पण आला नाही. पुढच्या पहिल्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

थोरल्यानं मग आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. पाव टेबलावर ठेवायचा, उतारा दुसऱ्याला वाचायला द्यायचा आणि सरळ धाकट्याकडे जाऊन बसायचं. पाळकसाहेब म्हणाले, "दादा, तुम्ही तुमच्याकडून केलंत. तुम्ही भोजन घ्या." हा म्हणाला, "आमच्या आईनं एकाला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवलं नाही कधी. तो घेईल तेव्हाच मी घेईन." मंडळीत त्याचं कौतुक झालं. त्यालाही बरं वाटलं, खोटं का बोला.

चौथ्या महिन्यात धाकट्यानं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "तू प्रभुभोजन घेत नाहीस म्हणे?"

"तू येत नाहीस तोवर नाही."

"कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत! माझा हट्ट तुला माहीत नाही?"

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तुझ्यामुळे सहा वर्षं मी उपाशी राहिलो. आता तू माझ्यामुळे उपाशी आहेस, असं सगळीकडे सांगत फिरतोस. म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर ना दादा?"

थोरल्याचा कप अर्ध्यावर थांबला. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला वाटलं होतं, आपण काहीतरी मोठं करतोय.

"मी येईन की नाही, मला ठाऊक नाही," धाकटा म्हणाला. "कदाचित नाही येणार. तू माझी वाट बघायची सोड. तू दारात बसलास की मला आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. तेवढं कर माझ्यासाठी. जा, आणि एकटा घे."

"एकटा?"

"एकटा."

थोरला उठला. भावजयीनं दार उघडलं. जिना उतरताना दोनदा कठड्याला धरून थांबला, पण कुणी हाक मारली नाही.

चर्चमध्ये पोचला तेव्हा शेवटची रांग पुढं सरकत होती. तो तिच्यात शिरला. पहिल्या रांगेचा माणूस, शेवटच्या रांगेत. पाळकसाहेबांनी काही न विचारता तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो तोंडात घातला. स्वतःच्या हातानं भाजलेला, चांगला पाव होता. पण गिळायला त्याला फार वेळ लागला. मागची माणसं पेल्यासाठी खोळंबून राहिली, आणि कुणीही त्याला पुढं सरका म्हणालं नाही.