सिद्राममामांचं वारं

आमच्या दारात रिक्षा उभी केली की सिद्राममामा आधी खांद्यावरचा रुमाल हातात उंच धरत. फडफडला तर चेहरा खुले. लोंबकळत राहिला तर कपाळाला आठ्या. "वारं पडलंय, ताई. आज पंपावर बोंब हाय बघा."

माझ्या आईला दिवसाआड डायलिसिसला न्यायचं काम त्यांचं. एखादी खेप चुकली की तिला धाप लागे, म्हणून आमचा सगळा जीव त्या सीएनजी रिक्षात अडकलेला. आणि मामांचं शास्त्र वेगळंच! "माळावरच्या पवनचक्क्या फिरल्या की वीजघराला गॅस लागत न्हाय. उरलेला गॅस कुटं जाणार? आपल्या पंपावरच की!"

मी वीज कार्यालयात नोकरीला. मी सांगे, "मामा, आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. कुठे गॅस वाचलाच, तर तो खताच्या कारखान्याकडे जाईल. आपल्या पंपावरच येईल कशावरून?"

"व्हय, पर वारं असल्यालं बरंच की," म्हणत ते रिक्षा सुरू करत. हार मानायची म्हणून नाहीच. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मीच सकाळी उठून समोरच्या कडुलिंबाकडे बघायला लागले. पान हललं नाही की मामांना आधीच फोन लावे.

गेल्या वैशाखात पंपांवर गॅस आलाच नाही. ओळखीच्या साऱ्या रिक्षा रांगेत. मामांचा फोन लागेना. आईचे पाय सुजलेले, नजर दाराकडे. मी पुन्हा फोन लावत होते, तेवढ्यात ओळखीचा हॉर्न वाजला.

"गॅस मिळाला?" मी धावत जाऊन विचारलं.

"कुटला! टाकीत हुता तेवढा राखाया कालपास्नं गाडी घरीच हुबी केली. भाडी मारली असती, तर आक्काला कशात नेलं असतं?"

त्या दिवशी रुमाल खांद्यावरच राहिला. आईला आत बसवताना मला रडू फुटलं. मामा मात्र "चला, चला, उशीर हुतोय," म्हणून माझ्यावरच खेकसले.

गेल्या महिन्यात मामा झोपेतच गेले. आता दुसरा रिक्षावाला येतो. भला माणूस आहे, वेळेवर येतो. काल सकाळी लिंब नुसता घुसळून निघत होता. रिक्षात चढताना आई थबकली.

"एवढं वारं सुटलंय, तरी भ्या का वाटतंय गं?"

मी तिचा हात धरला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.