मुखवट्याखालची ओळ

आमच्या जहागिरीत नुमाईश भरणार असल्याची दवंडी पिटली गेली, तेव्हा मला शाळेत मास्तर होऊन दोन वर्षं झाली होती. चिटगुप्प्यापासून तीनेक कोसांवरचं आमचं गाव. शाळा जहागीरदारांची, नोकरी त्यांच्या मर्जीची, शिकवणं उर्दूतून. घरी आम्ही मराठी बोलायचो, बाजारात कानडी. माझं उर्दू अक्षर वळणदार होतं. तेवढ्यासाठीच देवडीच्या कारभाऱ्यांनी मला बोलावून घेतलं.

जहागीरदारांची देवडी गावाबाहेर माळावर होती. तांबड्या जांभ्या दगडाची, दुमजली, पुढे मोठी बाग. साल-दोन सालांत एकदा कुणी इंग्रज साहेब शिकारीला उतरायचा, तेवढीच काय ती तिथली वर्दळ. त्या वर्षी मात्र जहागीरदारांच्या मनात आलं, की आपल्या मुलखातल्या जुन्या आणि कलाकुसरीच्या वस्तू एका जागी मांडाव्यात. हैदराबादचे बडे लोक, साहेब लोक बोलवावेत. चार दिवस नुमाईश. माझी कामं दोन. गावोगाव हिंडून वस्तू मागून आणायच्या, आणि प्रत्येक वस्तूखाली ठेवायच्या पाट्या लिहायच्या.

कारभारी म्हणाले, "लोक आम्हाला घाबरून वस्तू लपवतील. तुम्ही इथले. तुम्हाला देतील."

ते खरंच होतं. मी बैलगाडी घेऊन आठ दिवस फिरलो. लोकांनी मला दिल्या. एका लोहाराने पणजोबाची तलवार दिली, एका तेल्याने पितळी दिवा, एका जंगमाने ताडपत्रावरची पोथी. प्रत्येकाला मी एकच सांगायचो, चार दिवसांनी परत आणून देतो.

आमच्याच गावात वरच्या अंगाला धनगरांची वस्ती होती. त्यांच्या बीरदेवाचा मुखवटा सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. हातभर उंचीचा, पंचधातूचा, रुंद मिशा, डोळ्यांच्या जागी चांदीच्या टिकल्या. तो किती जुना, कुणालाच सांगता येत नव्हतं. वर्षभर तो एका घरात घोंगडीत गुंडाळून पेटीत असायचा आणि दसऱ्याला बाहेर निघायचा. ज्याच्या घरी तो असे, त्या धनगराला मी मामा म्हणायचो. लहानपणी त्याच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या, तेव्हापासूनची ओळख. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. घरात बायको आणि धाकटी मुलगी. थोरली मुलगी आळंदकडे मादन हिप्परग्याला दिलेली.

मी विषय काढला तेव्हा तो कितीतरी वेळ हातातली लोकर पिंजत राहिला.

"दसऱ्याबिगर देव हालत न्हाई, मास्तर."

"मामा, चारच दिवस. मी स्वतः तिथं असणार आहे."

"भावकीला इचारावं लागंल."

"विचारशील तर दहा जण दहा बोलतील. सरकारांनी मागितलाय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी नेतो, मीच आणून देतो. माझा शब्द."

त्याची बायको चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मास्तर आपल्यातलेच हायत. कामून भ्यायलाव?"

त्याने देवाला भंडारा वाहिला, नारळ फोडला, आणि पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन देवडीपर्यंत चालत आला. गाडीत ठेवू दिली नाही.

नुमाईश खरंच देखणी होती. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण त्या चार दिवसांत मी हरखून गेलो होतो. बिदरचे कारागीर लिंबाखाली बसून काम करून दाखवत होते. करड्या धातूवर ते चांदीची तार ठोकायचे आणि किल्ल्यातली माती लावून चोळायचे. धातू काळाकुट्ट व्हायचा आणि तार उजळून निघायची. दिवाणखान्यात हुक्के, सुरया, पानदान, चिनी मातीच्या बश्या, जुने गालिचे. बागेत कुठल्या कुठल्या पडक्या देवळांतून गाड्या भरून आणलेले कोरीव दगड उभे केले होते. मुंडकं नसलेल्या बायका, तुटक्या सोंडेचे गणपती. पहिले दोन दिवस पाहुण्यांचे. मोटारी यायच्या, अत्तराचा वास सुटायचा. हैदराबादचे जुन्या वस्तूंचे व्यापारी हातात भिंग घेऊन फिरायचे. तिसरा दिवस रयतेचा. ज्यांच्या वस्तू होत्या ते लोकही त्याच दिवशी, दोरीच्या पलीकडून, रांगेने.

नुमाईश सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी पाट्या लिहून मी कारभाऱ्यांना दाखवल्या होत्या. मुखवट्याच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'बीरदेव. गावातल्या धनगरांच्या पूजेतला.' कारभाऱ्यांनी ती पाटी आणि आणखी दहा-बारा पाट्या बाजूला काढल्या.

"मास्टर साब, ये फिरसे लिखो. सरकार के जाती जखीरे से."

म्हणजे, सरकारांच्या खाजगी संग्रहातून.

मी म्हणालो, "साहेब, पण ही चीज धनगराची आहे. मी शब्द देऊन आणलीय."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अरे, पाहुण्यांसमोर धनगर-बिनगर कशाला? चार दिवसांची तर बात आहे. लिहा."

मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

तिसऱ्या दिवशी मामा आला. धुतलेलं धोतर, नवा पटका. बरोबर धाकटी मुलगी होती. तिचं लग्न ठरलेलं होतं. दोरीपाशी उभं राहून त्यांनी लांबूनच हात जोडले. मग त्याने मला खुणेने बोलावलं.

"खाली काय लिवलंय, मास्तर?"

मी पाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "बीरदेव. गावातल्या धनगरांच्या पूजेतला."

मुलगी हसली. तो नुसता म्हणाला, "व्हय का." पण त्याची मान जराशी वर झाली. मागच्या माणसाकडे वळून त्याने कानडीत तेच सांगितलं. त्या माणसाने पुढे सांगितलं. रांगभर ते गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी जहागीरदारांनी तो मुखवटा हैदराबादहून आलेल्या एका बड्या पाहुण्याला भेट दिला. पाहुण्याला आवडला, एवढंच कारण. मी बागेत पाट्या गोळा करत होतो. परत आलो तर मेजावर मुखवटा नव्हता, पेटी नव्हती, नुसती पाटी होती आणि मोटार माळ उतरून गेली होती.

मामा पेटी न्यायला आला तो ऊन कलताना. फाटकात कारभारी उभे होते, मी त्यांच्या मागे.

"कसली पेटी?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"आमचा देव, साब. मास्तरांनी आनला."

कारभाऱ्यांनी माझ्या हातातल्या पाट्यांतून ती एक पाटी काढली आणि जवळच्या शिपायाला दिली. "पढ."

शिपायाने वाचलं. सरकारांच्या खाजगी संग्रहातून.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, काल तुमी येगळंच वाचलं."

मी हातातल्या पाट्यांच्या कडा जुळवत राहिलो.

"मास्तर?"

शिपायाने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं. तो गेला नाही. फाटकाबाहेर खाली बसून राहिला. मी मागच्या दाराने घरी गेलो.

दोन दिवसांनी धनगरांची पंचायत बसली. न विचारता देव कामून दिला, हा पहिला सवाल. तो म्हणाला, चुकलो. दुसरा सवाल, देव कुठे आहे. तो म्हणाला, सरकारांनी ठेवून घेतला. कुणाला ते पटलं नाही. त्या नुमाईशीत व्यापारी येऊन वस्तू विकत घेत होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. इतर लोकांच्या तलवारी, दिवे परत आले होते. ह्याचाच देव तेवढा का आला नाही? तो म्हणाला, "मास्तरांना इचारा."

पंचायतीतले दोघं जण शाळेत आले. मी मुलांना बाहेर सोडलं.

"मास्तर, देव सरकारांनी ठेवून घेतला का यानं इकला?"

त्याच सकाळी कारभाऱ्यांचा निरोप आला होता, की नुमाईशीबद्दल बाहेर काही बोलू नये. घरी बायको बाळंतीण होती, म्हातारे आईवडील होते. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि पुढेही पुष्कळ वर्षं सांगत राहिलो.

मी म्हणालो, "मी फक्त पाट्या लिहिल्या. देण्याघेण्याचं मला माहीत नाही."

ते गेले. त्या घराला वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी बंद, कळपात मेंढ्या बंद, कुणाच्या सुखदुःखात जाणं-येणं बंद. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मी वाटेत दिसलो की तो रस्ता सोडून रानात शिरायचा. एकदाही मला शिवी दिली नाही, दारात येऊन ओरडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. धाकटी मुलगी एका दिवसात गेली. सकाळी तिला उलट्या सुरू झाल्याचं मी ऐकलं, दुपारी ती गेल्याचं. खांदा द्यायला वस्तीतला एकही माणूस निघाला नाही. बापाने तिला घोंगडीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन तो एकटाच निघाला. मागे आई, हातात फावडं. मसणवट्याची वाट शाळेवरून जायची. मुलांनी खिडकीकडे माना वळवल्या. मी त्यांना पाढे म्हणायला लावले. मोठ्याने म्हणा, म्हणालो. ते ओरडून म्हणत राहिले आणि ती दोघं खिडकीसमोरून गेली. शाळेपासून मसणवटा हाकेच्या अंतरावर होता. मी जाऊ शकलो असतो. पायात चपलाही होत्या.

पंधरा दिवसांनी ती दोघं राहिलेल्या मेंढ्या घेऊन, गाव सोडून थोरल्या मुलीकडे गेली.

मी मास्तरच राहिलो. शिक्षण खात्याकडून तपासणीला येणारे साहेब माझ्या अक्षराची तारीफ करायचे. दसऱ्याला धनगर देवाच्या जागी नारळ ठेवून ढोल वाजवायचे. तेवढे दिवस मी काहीतरी निमित्त काढून परगावी जायचो.

मग हैदराबाद संस्थान गेलं. त्याआधीचे आणि नंतरचे काही महिने आमच्या मुलखात फार वाईट गेले. हिंदू-मुसलमान, दोन्हीकडची माणसं मेली, घरं जळाली. जहागीरदार आधीच हैदराबादला निघून गेले होते. लोकांनी देवडीची दारं-खिडक्यासुद्धा काढून नेली. कारभाऱ्यांचं काय झालं ते कळलं नाही. आता मला कुणाची भीती उरली नव्हती, आणि म्हणूनच माझ्याजवळ सबबही उरली नव्हती.

मी धनगरवस्तीत गेलो. पंचांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पाटी, मोटार, शाळेत आलेल्या दोघांना दिलेलं उत्तर. त्या दोघांतला एक वारला होता. दुसरा तिथेच होता. तो म्हणाला, "दहा-अकरा वरसं झाली. आता कामून सांगायलास?" पहिल्यांदा त्याने मला अरे-तुरे केलं.

ते आपसात कानडीत बोलले. मग ठरलं, की वाळीत टाकलेलं मागे घ्यायचं, कुटुंबाला परत बोलवायचं. निरोप मीच न्यायचा.

मादन हिप्परग्याला पोचायला दोन दिवस लागले. काही बैलगाडीने, काही पायी. थोरल्या मुलीचं घर सापडलं. मामाची बायको ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मला लगेच ओळखलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी जमिनीवर बसलो.

मामा तीन वर्षांमागेच वारला होता. इथे तो दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा. देवळात जायचा नाही. गावातले लोक आग्रह करायचे, तर म्हणायचा, मी बाहेरचा हाय.

मी तिला सगळं सांगितलं. हात न थांबवता ती ऐकत राहिली. शेवटी पंचांचा निरोप सांगितला, की तुम्हाला परत घेतलंय.

"कुनाला घेतलंय?" तिने विचारलं.

तिने सोललेले दाणे सुपात टाकले.

"लेक तिकडं मातीत हाय. त्ये हितं. मी लेकीच्या दारात." मग ती म्हणाली, "मीच म्हनले हुते त्यांना, मास्तर आपल्यातलेच हायत. जलमभर त्यांनी त्ये मला बोलून दावलं न्हाई."

तिने शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. थोरल्या मुलीने मला तांब्याभर पाणी आणून दिलं. ती तिथेच उभी राहिली, मी पिऊन उठण्याची वाट पाहत. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि आळंदच्या वाटेला लागलो.