एका पुतळ्यातले दोन सरदार

शिराळ्याकडच्या आमच्या गावात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळं इतिहासात आमचे एकाच नावाचे दोन सरदार होऊन गेले. त्यांचा वंश कधीच बुडाला, भांडण तेवढं उरलं. गावानं पुतळा एकच बसवला आणि खाली नुसतं नाव कोरलं. वरची आळी म्हणते हा आजोबा, खालची म्हणते नातू. म्हणून एकाच पुतळ्याची वर्षातून दोनदा जयंती होते. माझं घर वरच्या आळीत आणि आजोळ खालच्या, त्यामुळं दोन्ही मिरवणुकांना मला सांगलीतल्या विश्रामबागेतल्या माझ्या बिऱ्हाडातून गावी जावं लागतं.

यंदा वादळात पुतळ्याची तलवार मोडली. मी चुलत्यांना म्हणालो, "आवं, तेवढी नीट करून घ्या."

"ती त्यांच्या सरदाराची मोडली," चुलते म्हणाले. "आमच्याची शाबूत हाय."

खालच्या आळीत मामांनीही शांतपणे हेच सांगितलं.

शेवटी वैतागून मी सांगलीचा कारागीर नेला आणि स्वतःच्या खिशातून तलवार बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी पुतळ्यापाशी मला बोलावणं आलं. चुलते आणि मामा आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभे होते.

"आता सांग," दोघंही म्हणाले, "ही तलवार तू कुणाच्या सरदाराच्या हातात दिलीस?"